दारात टांगलेला कंदील

लग्नाला महिना व्हायच्या आत मी नवऱ्याला त्याच्याच घराबाहेर उभं ठेवलं, आणि तेही त्याचं स्वागत करायच्या नादात. इतकी हुशार होते मी!

काल कळमेश्वरच्या भंगारवाल्याकडून रेल्वेचा आणखी एक जुना हातकंदील आणला. सून म्हणाली, "आई, आता हा काय माझ्या डोक्यावर ठेवता?" मी टाकीचं झाकण उघडलं. मातीच्या तेलाचा, म्हणजे रॉकेलचा, वास आला आणि बेसा भागातल्या आमच्या फ्लॅटमधून मी थेट रेल्वे क्वार्टरमध्ये पोचले.

हे मालगाडीवर गार्ड होते. बोलणं अगदी मोजकं, त्यामुळे मला वाटायचं, मी यांना आवडलेच नाही. त्या संध्याकाळी हे भाजी आणायला गेले, तेव्हा मी यांचा कंदील राखेनं घासून लख्ख केला. वरची टोपी फिरवली की आतली काच बदलायची. कुंकवाचा रंग शुभ, म्हणून मी लाल काच पुढे आणली आणि कंदील पेटवून दारात टांगला.

हे आले आणि फाटकाशीच थांबले. थैलीतून मेथी डोकावत होती, पण पाऊल काही पुढे पडेना. आता हे मला माहेरी धाडणार, या भीतीनं मी दाराआड रडकुंडीला आले. हे ओठ दाबून हसत असणार, ते आज कळतं. तेव्हा माझ्यासारख्या बावळट पोरीला कुठलं कळायला! शेवटी हेच म्हणाले,

"कावं, लाल दाखवून राहिली तू मले. हिरवा दाखव, मंग येतो ना घरात."