सोळा खटके

सदर इसम वय वर्षे अठ्ठावन्न, बांधा मध्यम, वर्ण निमगोरा. ओळखीची खूण, उजव्या अंगठ्याचे नख कायमचे काळे. व्यवसाय: चारचाकी वाहनांच्या निलंबन प्रणालीची दुरुस्ती व सुधारणा. अनुभव: चौतीस वर्षे. परिवहन खात्याच्या तपासणी समितीवर तज्ज्ञ सदस्य म्हणून दोन वेळा नियुक्ती. दोन्ही वेळा चहा येण्यापूर्वीच सभात्याग. वाहनाने रस्ता सोडू नये व आतील मनुष्याने आसन सोडू नये, या दोन्ही बाबतींत सदर इसमाचे मत अंतिम मानण्यात येते.

निलंबन हा शब्द समितीचा. बाजारात सस्पेन्शन म्हणतात, आणि सदर इसमाला शॉकअप मास्तर. चाक खड्ड्यात गेलं की स्प्रिंग दबते. दबलेली स्प्रिंग मग नाचत सुटू नये म्हणून तिच्या पोटात तेल भरलेलं एक नळकांडं बसवतात, ते शॉकअप. मास्तरांच्या स्वतःच्या पोटात असं काही बसवलेलं नव्हतं. राग नाकाच्या शेंड्यावर असतो म्हणतात. मास्तरांचा तेवढाही थांबत नसे. एखादा बोल्ट चुकीचा आवळलेला दिसला, की तो ज्याने आवळला त्याच्या सात पिढ्यांच्या हस्तकौशल्याची चौकशी होई. त्यातही, गाडी लिफ्टवर टांगलेली असताना कुणी चाकाच्या सांध्यांतल्या रबरी बुशांचे बोल्ट आवळले तर विचारूच नये. ते बोल्ट गाडी जमिनीवर, स्वतःच्या वजनावर उभी करून मगच आवळायचे, हा मास्तरांचा कायदा. "फासावर लटकलेल्याचं माप घेऊन कुणी कोट शिवतं का?" असं ते विचारत.

त्या मंगळवारी सकाळी जावई गाडी घेऊन आला. जावयाचं चष्म्यांचं दुकान होतं. बोलण्याआधी स्वतःचा चष्मा काढून पुसायची त्याला सवय होती, आणि सासऱ्यासमोर तो इतका पुसे की काचा झिजतील असं वाटावं.

"बाबा, समोरून टक् टक् आवाज येतोय. वळताना."

"माझ्या हातची गाडी आहे ती. आवाज तुमच्या कानात असेल."

पण गाडीला चक्कर मारता मारता मास्तर थबकले. तीन महिन्यांपूर्वी याच गाडीला त्यांनी स्प्रिंग आणि शॉकअपचा नवा जोड बसवला होता. "गाडी जरा स्पोर्टी करून द्याल का?" असं जावयाने जमिनीकडे बघत विचारलं होतं. मास्तरांना ते मुळीच आवडलं नव्हतं. त्यांची एकुलती एक मुलगी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती आणि प्रयोगशाळा वर तलावाशी, तेवीस वळणांच्या घाटरस्त्यावर. हा चष्मेवाला आता तिला शेजारी बसवून शर्यती लावणार, हे त्यांना तेव्हाच स्पष्ट दिसलं होतं. तरीही जोड त्यांनी उत्तमातला मागवला. त्या शॉकअपच्या डोक्यावर एक नॉब होता, सोळा खटक्यांचा. एका टोकाला पाळणा, दुसऱ्या टोकाला दगड. "सोळावर ठेवलंय," मास्तरांनी सांगितलं होतं. "याच्या पुढे कंपनीसुद्धा जात नाही." आणि बोनेट जरुरीपेक्षा जरा जोरातच आपटलं होतं.

आता गाडी त्यांनी ठेवली होती त्याहून चांगली तीन बोटं खाली बसली होती.

त्यांनी ती लिफ्टवर घेतली. चाकं खाली लोंबली. मास्तरांनी पुढच्या स्प्रिंगला हात लावला, तर ती जागच्या जागी फिरली. दाराची मूठ फिरावी तशी, सहज, दोन बोटांनी. स्प्रिंग कशी बसलेली असते, तर हत्ती आणला तरी हलू नये. ही सैल होती. मोठ्या उंचवट्यावरून गाडी उडाली, चाक क्षणभर खाली लोंबलं, तर ही आपल्या खोबणीतून बाहेर येणार होती. आणि तेवीस वळणांपैकी ज्या वळणावर येईल, तिथून पुढे त्या गाडीला रस्त्याची गरज उरणार नव्हती.

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"कुणी कापली?"

जावयाने चष्मा काढला.

"पुसू नका. तो चष्मा पुसू नका. दीड वेढा कापलाय हा ग्राइंडरने. कशासाठी? तर गाडी खाली दिसावी. अहो, खाली दिसायचं असेल तर चाकं काढून विटांवर ठेवा, दिसेल खाली. माझी मुलगी बसते यात. तुम्हाला नंबराचा चष्मा लागतो आणि शर्यतीचा सोस? लोकांना अक्षरं वाचायला लावता, स्वतःच्या घरात काय लिहून ठेवलंय ते दिसत नाही?"

"बाबा, मी…"

"तुम्ही काय? तुम्ही जावई. जावयाला बोलायचं नसतं म्हणतात. म्हणून तर हे दिवस आलेत."

हा मार खाण्यासारखा माणूस नव्हता. जावई इतका सावकाश गाडी चालवी की चौथा गिअर त्याला लांबच्या चुलत्यासारखा होता; आहे हे माहीत, भेट क्वचित. पण मास्तर त्याच्या शेजारी कधी बसले नव्हते, आणि न बघितलेल्या गोष्टींबद्दल त्यांची मतं नेहमीच जास्त पक्की असत.

बोलता बोलता त्यांची नजर पुन्हा कापलेल्या टोकावर गेली. काप तिरका होता, उजवीकडून डावीकडे चढत गेलेला. डावखुऱ्या माणसाने ग्राइंडर धरला की असा काप पडतो. वर गंज धरू नये म्हणून काळ्या रंगाचा एक नीटनेटका हात मारलेला होता. इतक्या मायेने चूक करणारा डावखुरा माणूस साऱ्या बाजारात एकच होता, आणि तो पलीकडच्या खोलीत बेअरिंगं धूत बसला होता.

"बाहेर ये," मास्तर म्हणाले. ओरडले नाहीत. त्यामुळे त्यांचा धाकटा भाऊ लगेच आला.

"तू कापलीस?"

"हो."

"कुंपणानेच शेत खाल्लं म्हण की. माझ्या गॅरेजात, माझ्या ग्राइंडरने, माझ्या मुलीच्या गाडीची स्प्रिंग. चौतीस वर्षं मी दारावर पाटी लावलीय, 'येथे स्प्रिंग कापून मिळणार नाही.' वाचता येतं ना तुला? का तुलाही या जावईबापूंच्या दुकानात नेऊन बसवू?"

"दादा, ऐकशील का?"

"ऐकतोय. तीन महिने ऐकतच नव्हतो, ते आता ऐकतोय. आवाज येतोय म्हणे. टक् टक्."

धाकट्याने हात पुसले. तो भावापेक्षा नऊ वर्षांनी लहान होता आणि भावाच्या रागाच्या बाबतीत तितक्याच वर्षांनी वडील. "गाडी डुलत होती," तो म्हणाला. "मी स्वतः चालवून बघितली. वळणावर बोटीसारखी कलंडायची. तुझ्या हातची गाडी, शॉकअप सोळावर, आणि डुलते. मी म्हटलं, स्प्रिंगच मऊ आली असणार कंपनीची. कापली की कडक होते. चुकलंच ते, पण दुसरं कारण मला सुचेना."

"नॉब बघितलास?"

प्रश्न तोंडातून गेला आणि मास्तरांना तो परत घ्यावासा वाटला.

"नॉब कशाला बघू? सोळावर ठेवलंय असं तू सांगितलं होतंस."

मग मास्तर पुन्हा जावयाकडे वळले, कारण तो सोयीचा होता. "आणि तुम्ही! माझ्यामागे याच्याकडे आलात. सोळाने पोट भरलं नाही तुमचं."

"मी नाही आलो," जावई म्हणाला.

"त्याने नाही सांगितलं, दादा," धाकटा म्हणाला.

"मग कोणी?"

दोघे एकमेकांकडे बघू लागले. शेवटी जावयाने बायकोला फोन लावला आणि फोनवर एवढंच म्हणाला, "अगं, बाबांनी बघितलं. तू ये."

मुलगी प्रयोगशाळेच्या गाडीतून तासाभरात उतरली. अंगावर पांढरा कोट तसाच, खिशात काचेची नळी. तिने लिफ्टवरची गाडी बघितली, काकाचं तोंड बघितलं, नवऱ्याच्या हातातला चष्मा बघितला.

"मी सांगितलं काकांना," ती म्हणाली. "आणि आधी यांना तुमच्याकडे पाठवलं तेही मीच. गाडी मी चालवते, बाबा. रोज. हे कधी शेजारी बसले की डोळे मिटून घेतात."

जावयाने मान हलवली. त्यात थोडी सुटका होती.

"तू?" मास्तर म्हणाले. "तुला कशाला पाहिजे असली गाडी? बाईमाणसानं…"

"तेच. हेच ऐकायचं नव्हतं म्हणून यांना पाठवलं. एकोणीस वर्षांची असताना विचारलं होतं तुम्हाला. तुम्ही म्हणालात, आधी गाडी नीट लावायला शीक. शिकले. काकांनी शिकवलं, कारण तुम्ही शेजारी बसलात की स्टिअरिंगपेक्षा तुमचं तोंड जास्त चालायचं. मला वळणं आवडतात. तेवीस जातेवेळी, तेवीस येतेवेळी. दिवसभर पाण्याच्या बाटल्या हलवते, तेवढीच मजा आहे मला. त्यात काय गुन्हा आहे?"

"गुन्हा हा आहे," मास्तरांनी सैल स्प्रिंग सगळ्यांसमोर गरकन फिरवली. "मरायची लक्षणं आहेत ही."

ती फिरणारी स्प्रिंग बघून मुलीचा चेहरा उतरला. काकाकडे बघून ती म्हणाली, "काका?"

"माझी चूक," धाकटा म्हणाला. "पण गाडी डुलत होती, पोरी."

"डुलत होतीच. सोळावर असून." ती थांबली. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माणसाला एक वाईट खोड असते. दोन आकडे जुळले नाहीत की तो मोजत बसतो. तिने लिफ्ट खाली घ्यायला लावली, बोनेट उघडलं आणि काकाला विचारलं, "कडक कुठल्या बाजूला?"

"उजव्या."

तिने नॉब उजवीकडे फिरवला. तो सोळावर असता तर हललाच नसता. तो हलला. खट्.

"एक," ती म्हणाली.

मास्तर जॅकच्या दांड्याकडे बघत उभे राहिले. दोन. तीन. सहावर जावयाने चष्मा घातला. दहावर धाकट्याने एक मोठा श्वास सोडला. ती सावकाश मोजत होती, नळीत थेंब सोडावा तसं. सोळाव्या खटक्याला नॉब थांबला.

"म्हणजे शून्यावर होता."

"तू शेजारी बसतेस असं वाटलं मला," मास्तर म्हणाले. "तुझ्या पाठीला हिसके बसतील. हा उडवील गाडी. मऊ असली की माणूस आपसूक हळू चालवतो."

"आणि सांगितलंत सोळा."

"सांगितलं."

"काकांनी स्प्रिंग कापली ती तुमच्या शब्दावर. नॉबसुद्धा बघितला नाही, एवढा विश्वास. मी गेले तीन महिने त्या घाटात तुमच्या शब्दावर गाडी चालवतेय. सकाळपासून तुम्ही यांना झोडलंत, काकांना झोडलंत. वड्याचं तेल वांग्यावर तरी किती काढायचं, बाबा? काकांनी निदान मला विचारून कापलं. तुम्ही न विचारता माझी गाडी कशी चालावी ते ठरवलंत आणि वर खोटं बोललात. रागवायचा हक्क आज माझा आहे. तुम्ही जरा रांगेत उभे राहा."

मास्तरांच्या तोंडाशी एक वाक्य आलं. नेहमीसारखं, धार लावलेलं. ते त्यांनी गिळलं, आणि ते सवयीचं नसल्यामुळे त्यांना ठसका लागला. धाकट्याने पाण्याचा तांब्या पुढे केला.

दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी तशाच स्प्रिंगांची एक जोडी आलेली होती. तिचं खोकं फोडलं. दोघे भाऊ एका शब्दाविना दोन तास काम करत होते. पाना मागायलाही बोट दाखवत. गाडी जमिनीवर घेतली, तिला दोनदा दाबून तिच्या वजनावर बसू दिलं, आणि मग मास्तर स्वतः गाडीखालच्या तपासणीच्या खड्ड्यात उतरून बुशांचे बोल्ट आवळू लागले. इतके जोरात, की धाकट्याला शेवटी म्हणावं लागलं, "दादा, तो बोल्ट आहे. त्याने काही केलेलं नाही."

वर आल्यावर मास्तर म्हणाले, "दहावर ठेव. सोळा शर्यतीच्या गुळगुळीत रस्त्याला. खराब रस्त्यावर चाक उडतं."

"हे तेव्हाच सांगायचं होतं," मुलगी म्हणाली. "आता मी सोळावर ठेवणार आणि स्वतः बघणार. बसा गाडीत."

"मी कशाला?"

"तज्ज्ञ ना तुम्ही? बसा. शेजारी."

मास्तर बसले. त्यांनी पट्टा लावला. जावयाला मागे बसायला सांगितलं तेव्हा तो म्हणाला की दुकान उघडायचं आहे, आणि हे इतक्या घाईने म्हणाला की पुसायला काढलेला त्याचा चष्मा गॅरेजातच राहिला.

घाट सुरू झाला. मुलगी चिडलेलीच होती, पण तिचे हात चिडलेले नव्हते. वळणाच्या आधी ती गाडीचा वेग उतरवी, वळणात एकच रेषा धरी आणि बाहेर पडताना गाडी मोकळी सोडी. गाडी कलंडत नव्हती. रस्त्याला चिकटून चालली होती. हे असं चालवायला कुणी शिकवलं, असं विचारायचं मास्तरांच्या मनात आलं. उत्तर ठाऊक होतं म्हणून विचारलं नाही.

नवव्या वळणावर डांबर उखडलेलं होतं. तिथे गाडीची मागची बाजू फडफडली आणि वीतभर बाहेर सरकली. मुलीने ती सावरली. पुढे सरळ पट्टी आल्यावर तिने गाडी कडेला घेतली. दोघेही समोर बघत होते.

"किती?" तिने विचारलं. आवाजातला राग तसाच होता.

"मागे बारा," मास्तर म्हणाले. "पुढचे राहू देत. पुढचे बरोबर आहेत."

ती उतरली, डिकी उघडली, दोन्ही नॉब चार-चार खटके मागे घेतले आणि परत येऊन बसली. "तुम्ही मोजलेत?"

"ऐकले. आठ."

पुढच्या उखडलेल्या तुकड्यावर गाडी फडफडली नाही. तेराव्या वळणानंतर मास्तरांनी हाताने गाडी थांबवायची खूण केली, दार उघडलं आणि रस्त्याच्या कडेला वाकून ओकले.

सदर इसमास गाडी लागते.