दाखवायची सवारी

वरवट बकालच्या आमच्या स्टँडवर रिकाम्या जीपमध्ये आधी कुणी बसत नाही. गाडी भरल्याशिवाय हलत नाही, मग जो आधी बसेल तो उन्हात शिजणार. म्हणून लोक माझ्या चहाच्या टपरीच्या सावलीत उभे राहतात, चहा घेत नाहीत आणि गाडी कधी भरते ते बघत बसतात. अरे, तुम्ही बसल्याशिवाय ती भरणार कशी?

पूर्वी हे असलं काही नव्हतं. शेगावची ही जीप माझ्या धाकट्या दिराची. अर्धी रिकामी घेऊनही तो निघायचा, म्हणायचा रस्त्यात मिळतील. सुट्ट्यांत तर तो स्टँडवर दिसायचाच नाही. शेगाव स्टेशनवर उतरलेली बाहेरगावची मंडळी दर्शन झालं की त्याची गाडी करून लोणारला जायची, वाटेत जेवायची, लॉजवर आणखी एक रात्र काढायची. डिझेलचा भाव चढत गेला आणि ते सगळं आटलं. आता तीच मंडळी लोणारचं भाडं ऐकतात, एकमेकांची तोंडं बघतात आणि संध्याकाळच्या रेल्वेने घर गाठतात. लॉजवाला रडतो, कचोरीवाला रडतो, आणि वर पेपरात वाचायचं की जिल्ह्यात पर्यटनाला मोठा वाव आहे. वाव आहे हो! या ना आमच्या स्टँडवर, दाखवते किती वाव आहे तो.

मग दिराने शक्कल लढवली. घरचीच माणसं गाडीत बसवायची. अर्धी भरलेली गाडी दिसली की लोक धावत येतात, आणि भाडं देणारी खरी सवारी आली की घरच्याने गुपचूप उतरायचं. रिकामी पिशवी मांडीवर घेऊन मीही बसले आहे. पण टपरीवर दूध उतू गेलं तेव्हा मी हात जोडले.

हक्काची दाखवायची सवारी म्हणजे आत्याबाई, माझ्या सासूबाई. दर गुरुवारी शेगावला जायचं हा त्यांचा जुना नेम, आणि लेकाच्या गाडीत त्यांना कोण भाडं मागणार? आताही गुरुवारी त्या धुतलेलं लुगडं नेसतात, झेंडूचा हार घेतात आणि पुढच्या सीटवर बसतात. शेवटची सवारी आली की दीर म्हणतो, "माय, उतर न आता." त्या उतरतात. हार त्या सवारीच्या हातात देतात. "माह्या नावानं वाहजो बाप्पा." कित्येक गुरुवार त्यांचा हार शेगावला गेला, त्या इथेच राहिल्या.

एकदा माझं डोकं फिरलं. "भाऊजी, आत्याबाईले एक दिवस तं न्या!"

"वहिनी, त्या एका सीटचंच भाडं घरी येते. बाकी सारं डिझेल पिऊन राह्यलं."

खरंच होतं ते, म्हणून जास्तच संताप आला. भांडायचं तरी कुणाशी? पंपावरचा म्हणतो भाव वरून येतो, वरचे म्हणतात जगातूनच महाग येतं. त्या जगात कुणाची आई गाडीतून उतरवली जाते का, हे मला एकदा बघायचं आहे.

गेल्या गुरुवारी गाडी भरत आली, फक्त एक सवारी कमी होती. मोठी बॅग घेऊन एक गृहस्थ पुढच्या दाराशी येऊन उभे राहिले. दीर नेहमीसारखा म्हणाला, "माय, उतर."

आत्याबाई हलल्या नाहीत. कनवटीची नोट काढून त्यांनी लेकासमोर धरली. "हे घे भाडं. आज मी सवारी आहो."

मी हातातली केटली तशीच धरून बाहेर आले. वाटलं, आता हा शरमेने मान खाली घालेल, आईचा हात मागे सारेल. त्याने त्या गृहस्थांकडे पाहिलं. "गाडी भरली, मागच्या गाडीनं या," म्हणाला. मग नोट खिशात घातली, आणि कुठल्याही सवारीला देतो तसे उरलेले सुटे आईच्या हातावर ठेवले.