साक्षीला दत्तमहाराज

"मुलीला वडिलांनी कुठे भेटावं, तुम्हीच सांगा," असं जजसाहेबांनी विचारलं तेव्हा वृषाली चटकन म्हणून गेली, "देवळात." कोर्टातली मुलांची खोली तिने पाहिली होती. मोडकी खेळणी, दाराशी पोलीस. त्यापेक्षा हैदराबादच्या कोठी भागातलं, आपल्या माहेरच्या गल्लीतलं दत्ताचं देऊळ बरं. चार आपली माणसं असतात. महाराजांच्या डोळ्यांदेखत चेतन हात उचलणार नाही, हा तिचा विश्वास.

तो खरा ठरला, तिथेच घात झाला.

चेतन पुण्याचा. हैदराबादेत कंप्युटर कंपन्या निघू लागल्या तेव्हा नोकरीला आला, कुकटपल्लीत फ्लॅट घेतला. तिथेच एका संध्याकाळी त्याने वृषालीच्या बोटांवर दार लोटलं आणि ती ओरडत असताना तसंच रेटून धरलं. चिमुरडी ईशा पॅसेजमध्ये उभी होती. त्या हाताची दोन बोटं आता सरळ होत नाहीत. नमस्कारालासुद्धा हात जुळत नाहीत.

दर रविवारी आरतीची घंटा झाली की भेट सुरू. चेतन इस्त्रीचा झब्बा घालून यायचा. बेगम बाजारातला सुका मेवा देवापुढे ठेवायचा, सासऱ्यांच्या, नामदेवरावांच्या, वाकून पाया पडायचा आणि ईशाला मांडीवर घ्यायचा. ती लाकडासारखी बसून राहायची.

"किती शहाणी पोर! हूं नाही की चूं नाही," देवळाचे विश्वस्त हिम्मतराव कौतुकाने म्हणायचे. "आणि बाप बघ कसा देवभोळा. जमवून घे पोरी. कायको परेशान करतेस तुझ्या म्हाताऱ्या वडलांना?"

"काका, माझी बोटं बघा."

"अगं, वाऱ्यानेपण लागतंय की दार."

पुढे चेतनने अर्ज केला, मुलगी मुक्कामाला हवी म्हणून. साक्षीला हिम्मतरावच उभे राहिले. खोटं काहीच बोलले नाहीत बिचारे; जे पाहिलं तेच सांगितलं. भांडण नाही, रडारड नाही, पोर तासभर बापाच्या मांडीवर. वृषालीने तोंड उघडलं तेव्हा जजसाहेब शांतपणे म्हणाले, "जागा तर तुम्हीच निवडली होती, बाई." शनिवारची रात्र ईशाने वडिलांकडे काढायची, असा हुकूम झाला.

कोर्टातून घरी येऊन तिने पाय धुतले, दिवा लावला, सवयीने देव्हाऱ्यातली छोटी घंटी वाजवली. मागे वळून पाहते तो ईशा. चपला घालून, हात अंगाशी घट्ट धरून, डोळे मिटून उभी.

"पप्पा आले?"

वृषालीने घंटी मुठीत दाबून धरली. मग फडक्याची चिंधी फाडली, त्या वाकड्या बोटांनी घंटीच्या लोलकाला गुंडाळली, वरून दोरा बांधला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या घरात मुकी पूजा झाली. महाराजांकडे मागायचं काय, तेही तिला सुचलं नाही.

शनिवारी तिने ईशाची वेणी घातली. फ्रॉक, टॉवेल पिशवीत भरला.

"आई, घंटी तर बांधलीयस ना तू?"

"हो गं."

"मग पप्पा नाही येणार ना?"

खाली गल्लीत स्कूटरचा हॉर्न वाजला. ईशाने आईच्या हातातून पिशवी घेतली आणि शहाण्यासारखी दाराशी जाऊन उभी राहिली.