विसराळूपणाची चौकशी

किडनीच्या कॅन्सरवर मला जालन्याच्या दवाखान्यात इंटरफेरॉनची इंजेक्शनं सुरू होती. प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या या औषधानं कधीकधी माणूस विसराळू होतो, म्हणून सिस्टर सुई टोचण्याआधी घरच्यांकडं चौकशी करायच्या.

आमच्या ह्यांनी लगेच तक्रारींचा पाढा वाचला. "हिच्या बिलकुल ध्यानात राहत न्हाई. माझा चष्मा कुठंय, सांगता येत न्हाई. माझी बीपीची गोळी द्यायची विसरली. मोजेसुद्धा मलाच शोधावे लागले!"

तीस वर्षं ह्यांचं सगळं मीच ध्यानात ठेवलं, तेव्हा कुणी चौकशीला आलं नव्हतं.

सिस्टरनी शांतपणे विचारलं, "अन् काका, काकूंचं इंजेक्शन कोणत्या वारी असतं?"

हे माझ्याकडं वळले. "कधी असतं गं?"

मी बाही वर सारली. "आज."