प्रोजेक्टमध्ये औषध नाही

"हिला बरोबर ठेव. ही तिथलीच आहे. हिला वास येत नाही."

कॉलेजातले आमचे सर इंग्रजीत बोलले, माझ्यासमोर, जीपमध्ये. परदेशातून आलेली ती विद्यार्थिनी कसंनुसं हसली. मी मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला होते, इंग्रजी मलाही कळत होतं. आणि वासही येत होता. मानखुर्दच्या कचऱ्याच्या डोंगराला आग लागली होती, धूर थेट आमच्या वस्तीवर येत होता. मी गप्प बसले.

गप्प का बसले? तर ऐंशीच्या दशकात आमच्या कॉलेजात अदलाबदलीचा कार्यक्रम सुरू झाला होता. तिकडचे विद्यार्थी इथं येऊन गोरगरिबांचे आजार अभ्यासायचे, आमच्यातलं एक जण तिकडे संशोधन शिकायला जायचं. त्या वर्षी माझं नाव लागलं होतं. आईनं अख्ख्या गल्लीत साखर वाटली होती. आमच्या वस्तीतून विमानात बसणारी मीच पहिली. कागदावर सही सरांची व्हायची होती.

माझं नाव कशाला लागलं, ते वस्तीत पोचल्यावर कळलं. आधी सरांची माणसं येऊन हात हलवत परत गेली होती. पोटच्या पोरांचं रक्त कोण काढू देईल? पण आज 'आपली पोरगी' येणार होती ना! बायकांनी पोरांना आंघोळी घातल्या होत्या, डोक्याला तेल, गालाला काजळाची तीट. जयंतीला शिवलेले निळे फ्रॉक पेटीतून बाहेर निघाले होते. समाजमंदिराच्या ओट्यावर सगळ्या रांगेनं बसल्या होत्या, लग्नाला आल्यासारख्या.

पहिली पारूमावशी. आईबरोबर कचरा वेचायची. मांडीवर तिची सुमी, तीन वर्षांची, फ्रॉकमधून खांद्याची हाडं वर आलेली. सारखी खोकत होती.

"आमच्या सुमीपासून घे गं," मावशी म्हणाली. "तू हायेस म्हनून काळजी नाय."

सुमीला वजनकाट्याच्या झोळीत बसवलं. त्या विद्यार्थिनीनं डॉक्टरी पेटीतून सुई काढली. मावशीनं विचारलं, "आन् औषिद कदी देनार?"

मी सरांना विचारलं.

"सांग, पुढच्या आठवड्यात."

"कुठलं औषध, सर?"

त्यांनी मला बाजूला घेतलं. आवाज अगदी मऊ. "प्रोजेक्टमध्ये औषध नाही. उपचार न करता वर्षभरात या आजारी पोरांचं काय होतं, तेवढंच बघायचंय. तू पुढचा आठवडा सांग. तुला जायचंय ना तिकडे?"

वर्षभरात काय होतं, ते मी नुकतंच परीक्षेत लिहून आले होते. चांगले मार्क मिळाले होते मला. झोळीत सुमी खोकत होती आणि मावशी माझ्याकडे विश्वासानं बघत होती. त्या विश्वासाची मला भीती वाटली.

मी वळले. मोठ्यानं बोलले, मागच्या बाईलाही ऐकू जाईल असं.

"मावशी, औषध नाही. पुढच्या आठवड्यात नाही, कधीच नाही. पोरं मरतात का जगतात, एवढंच बघायला आलेत हे. ऊठ."

मावशीनं सुमीला झोळीतून काढून छातीशी धरलं. बायका एकेक करून उठल्या. जाताना एकीनं विचारलं, "तू बी यांच्यातलीच का गं?"

त्या विद्यार्थिनीनं विचारलं, मी काय बोलले. तिलाही सगळं सांगितलं, शब्द न् शब्द. ती रडायला लागली. तिच्या रडण्याचं मी काय करू?

सर आता मराठीत आले. "तुम्हा लोकांना कितीही वर काढा, शेवटी तिथंच जाता."

"हो सर, तिथंच जाते," म्हटलं आणि मावशीच्या हातून सुमीला कडेवर घेऊन चालू लागले.

सरकारी दवाखान्यात त्याच दुपारी तिला दाखल केलं. उशीर झाला होता. दिवाळीपर्यंत सुमी राहिली नाही. पारूमावशीनं तो निळा फ्रॉक तिच्याबरोबरच पुरला. बाकीच्या पोरांनाही मी नेलं, एकेकाला धरून. ती वाचली.

परदेशी दुसराच गेला, अंधेरीच्या एका डॉक्टरांचा मुलगा. त्याचा मला राग नाही. राग त्या जीपचा होता. ती थांबणार नव्हती. पुढची वस्ती भांडुपची, टेकडीवरची, हे मी सरांच्याच तोंडून ऐकलं होतं. तिथंही त्यांना कुणीतरी 'आपली' सापडली असणार. तिथंही पोरांना आंघोळी घातल्या असणार.

जीप पोचायच्या आत मी ती टेकडी चढले. दारोदार फिरले. एकच सांगत होते, "आधी औषध बघा, मग पोराचा हात पुढं करा."

ते मी आजही सांगते. आता डॉक्टर म्हणून सांगते. वस्तीत कुणीही पेटी घेऊन आलं, कितीही मोठा असो, देशी असो नाहीतर परदेशी, आधी ती पेटी माझ्यासमोर उघडायची. माझ्या तोंडून माझ्या माणसांचं रक्त कुणी मागायचं नाही.