दीपमाला टॉकीजमधलं पहिलं लग्न

दीपमाला टॉकीजच्या बायकांच्या दरवाजावर धोंडूबाई उभी असली, की शीळ घालायची कुणाची टाप नव्हती. बॅटरीचा झोत थेट तोंडावर यायचा आणि मागोमाग आवाज, "बस खाली! घरात आई-बहीन नाय काय?" पडद्याकडे तिची कायम पाठ. सिनेमा तिला लोकांच्या चेहऱ्यांवरूनच कळायचा.

नव्वदच्या दशकात केबल घरोघर पोचली आणि टॉकीज बंद पडली. काही वर्षं नुसतं कुलूप. मग मालक गॅब्रिएलशेठने पडदा उतरवून तिथे लग्नाचा हॉल केला, पण उताराच्या जमिनीवर लग्न लावायला कुणी येईना. बिल्डर खेटे घालतच होता. "या मोसमात एकही लग्न लागलं नाही, तर पाडायला देतो," शेठ म्हणाला.

धोंडूबाईने स्वतःच्या लेकीचं, रीमाचं लग्न तिथे धरलं.

तुळिंजचे व्याही सदानंदराव हबकले. "विहीणबाई, थेटरात लग्न? लोक हसतील हो!"

"हसू देत. दुसऱ्या हॉलात पाठची मानसं पुढच्यांची टाळकी बघून घरी जातात. इथं शेवटच्या रांगेतून पन तुमची सून दिसंल. नाय दिसली तर मला सांगा."

लग्न लागताना वधूमायने बघायचं नसतं. शालू नेसलेली धोंडूबाई आपल्या जुन्या दरवाजात, स्टेजकडे पाठ करून उभी राहिली. शेजारी तुळशीची कुंडी, कमरेला बॅटरी. घंटेचं बटण अजून चालू होतं. पहिल्या घंटेला वऱ्हाड बसलं. दुसरीला कुजबुज थांबली. शेवटचं 'सावधान' कानावर पडताच तिने तिसरी दिली. अंतरपाट खाली आला, उतारभर अक्षता उडाल्या आणि मागच्या रांगांतून कडक शीळ घुमली.

धोंडूबाईचा हात आपसूक कमरेला गेला. झोत पडला तो सदानंदरावांवर! खरंच दिसतं का, ते बघायला हे शेवटच्या रांगेत जाऊन बसलेले. दोन बोटं अजून तोंडात, डोळे डबडबलेले.

"व्याही म्हनून सोडते," ती म्हणाली.

"दिसली हो, विहीणबाई!" ते ओशाळून हसले. "अगदी नथीच्या मोत्यासकट दिसली. आमच्या धाकट्या विघ्नेशचंही इथेच करू."

"ऐकलंत ना शेठ?" दारापाशी उभ्या गॅब्रिएलशेठला तिने विचारलं. "आता त्या बिल्डरला सांगा, हॉलला तारखा लागल्यात."

मग तिने बॅटरी विझवली आणि त्या इमारतीत पहिल्यांदाच वळून, ताठ मानेने, पडद्याच्या जागी पाहिलं.