फीत रस्त्याच्या पलीकडे

ऑगस्टमधल्या एका सोमवारी माझा भाऊ अविनाश शाळेच्या मुलांना रस्ता ओलांडून देत होता. ट्रक आला. मुलं पलीकडे पोचली होती. दुपारी मला फोन आला.

त्या फोननंतर मी सोलापूरला गेले होते, पण त्या प्रवासातलं मला काही आठवत नाही. हे लिहिते आहे ते दुसऱ्या प्रवासाबद्दल, फेब्रुवारीतल्या. रत्नागिरीहून संध्याकाळची एसटी धरली. जाग आली तेव्हा मंगळवेढा मागे पडत होतं आणि खिडकीबाहेर उजाडत होतं. आमच्याकडे आभाळ कुठल्या तरी डोंगरामागून किंवा माडामागून डोकावतं. इथे ते थेट जमिनीपासूनच सुरू होतं. काळी जमीन, तिच्यावर कणसांनी भरलेला शाळू (रब्बीची ज्वारी), आणि मध्येच एखादी बाभळ. अविनाश शिक्षकाच्या नोकरीला म्हणून या मुलखात आला आणि इथलाच झाला. सुरुवातीला तो पत्रात लिहायचा, ‘ताई, इथे डोळ्यांना आडोसाच नाही.’ पुढे त्याची ती तक्रार बंद झाली.

मला बोलावलं होतं ते एका लोकार्पणासाठी. तिथल्या आमदारांनी अविनाशच्या नावाने हमरस्त्यावर प्रवासी निवारा बांधला होता. त्यांच्या कार्यकर्त्याचा फोन आला, फार अदबीने बोलला. घरच्यांच्या वतीने आभार मी मानावेत अशी साहेबांची इच्छा होती. दोनच मिनिटं बोलायचं होतं. मग शैलाचा, म्हणजे माझ्या भावजयीचा फोन आला. “वन्सं, तुमी याच,” एवढंच ती म्हणाली. आभारांबद्दल बोलली नाही.

सोलापूरच्या स्टँडवर मला घ्यायला मुमताजबी आल्या होत्या. त्या गावोगाव फिरून बांगड्या भरतात आणि माल घ्यायला सोलापूरला येतात, म्हणून शैलाने त्यांच्यावर हे काम सोपवलेलं. एवढ्या गर्दीतून त्या सरळ माझ्याकडेच आल्या. कसं ओळखलंत विचारलं तर म्हणाल्या, “सरांचंच नाक हाय की.”

आधी त्यांनी मला खायला घातलं. मग बांगड्यांच्या पेठेत गेलो. काचेच्या बांगड्यांचे तोडे वर्तमानपत्रात गुंडाळता गुंडाळता त्यांची दुकानदाराशी दखनीत हुज्जत चालली होती. शेवटी एका टॉवेलच्या दुकानात त्या थांबल्या आणि लाल रंगाचा मोठा टॉवेल मागितला. दुकानदाराने किरमिजी दाखवला, तो नको. नारिंगी दाखवला, तोही नको. “लांबनं दिसाया पायजे,” असं सांगून हवा तसा लाल मिळेपर्यंत त्या उठल्या नाहीत. मला वाटलं, घरात लग्नकार्य असेल.

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मोहोळ आणि टेंभुर्णीच्या मधे हमरस्त्याने चिरलेली अशी बरीच गावं आहेत. घरं अलीकडे, शाळा पलीकडे. सोलापूरकडे जाणाऱ्या गाड्याही पलीकडेच थांबतात, म्हणजे थांबल्या तर. आमचा कंडक्टर आम्हाला उतरवायला तयार नव्हता, तिथे थांबा नाही म्हणाला. मुमताजबी शांतपणे म्हणाल्या, “उद्या तितं तुमच्या गाडीसाठी शेड उघडायलीय. पावनी त्याच कामाला आलीया. गाडीच थांबत न्हाय तर शेड कशाला, शेरडं बांधाया?” मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. गाडी थांबली.

उतरल्यावर पहिल्यांदा दिसला तो निवारा. तो रस्त्याच्या त्या बाजूला होता. पत्रा निळा, खांब पांढरे, नावाच्या पाटीवर कापड बांधलेलं. आमच्या आणि त्याच्या मधे ट्रक, टँकर, उसाच्या जोडट्रॉल्या एकामागून एक जात होत्या. अविनाश गेला तो याच दोन बाजूंच्या मधे.

शैलाच्या हातात दोन काचेच्या बांगड्या होत्या. दहाव्यानंतर मुमताजबी तिच्याकडे गेल्या आणि न विचारता भरून आल्या, असं मला नंतर कळलं. गावात थोडं बोलणं झालं आणि थांबलं.

जेवायला कडक भाकरी, येसरची आमटी (येसर म्हणजे भाजलेली धान्यं आणि मसाले यांची पूड) आणि शेंगाचटणी होती. मी भाकरीचा तुकडा चावायला गेले आणि दाढेतून कळ आली. शैला कितीतरी दिवसांनी हसली असावी. भाकरी आमटीत बुडवून ठेवायची असते, तिने दाखवलं. “ह्यांनी पण पयल्यांदा असंच केलतं,” म्हणाली.

जेवण झाल्यावर तिने मला सगळं सांगितलं. गावाने भुयारी मार्ग मागितला होता, रस्त्याखालून जाणारी साधी वाट, मुलं आणि गुरं जातील एवढी. अविनाश त्यासाठी अर्ज करून थकला, मग रोज सकाळी लाल टॉवेल घेऊन रस्त्यावर उभा राहायला लागला. निवृत्त झाला तरी उभाच. तो गेल्यावर लोक रस्त्यावर बसले. तेव्हा आमदार आले, हात जोडले आणि निवारा जाहीर करून गेले.

“निवारा कुणी मागितलाच नव्हता, वन्सं,” शैला म्हणाली. “उद्या तुमी आभार मानले की झालं. परत कुणी मागाया गेलं तर म्हणणार, सरांच्या घरच्यांनीच आभार मानलेत की. ह्यांच्या नावानं ते दार बंद हुईल.”

मी विचारलं, मग मी काय करू? ती म्हणाली, “तुमी शिकलेल्या हायसा. मी एवढंच म्हणते, मानू नका.”

पण मला बोलावून, पाहुणी म्हणून मांडवात बसवून, माइक हातात देणार होते. समोरच्या माणसाला ‘नाही’ म्हणायला लागतो तो आवाज माझ्याजवळ कधीच नव्हता. मी आयुष्यभर कॉलेजच्या ग्रंथालयात काम केलं. तिथे मोठ्याने बोलायला मनाई होती आणि ती मला सोयीची होती.

सकाळी मांडव घातला तो अर्थातच अलीकडे. पलीकडे जागाही नव्हती आणि साहेबांची गाडी सोलापूरहून याच बाजूला येणार होती. हलगी वाजली, फेटे बांधले गेले, सोलापुरी चादरी देऊन सत्कार झाले. व्यासपीठावर एक टेबल होतं आणि त्यावर दारावरच्या घंटीसारखी एक कळ. साहेब ती दाबणार आणि पलीकडे फीत सुटून पाटीवरचं कापड गळून पडणार, असं निवेदकाने सांगितलं. पलीकडे कात्री घेऊन उभा असलेला कार्यकर्ता आम्हाला इथूनही दिसत होता. त्याच्या कानाला फोन होता.

आमदार वाईट बोलले नाहीत. अविनाशला ते दोनदा भेटले होते आणि त्यांना ते आठवत होतं. पुढे दुसरा कार्यक्रम असल्यामुळे क्रम बदलला. आधी आभार, शेवटी कळ, म्हणजे कळ दाबून ते तसेच निघतील. माझं नाव पुकारलं गेलं.

माइक माझ्या उंचीला खाली केला. समोर शैला बसली होती, शेजारी मुमताजबी. मी बोलले ते असं:

“मला आभार मानायला सांगितलं आहे. मी ग्रंथपाल होते. पुस्तक उघडून पाहिल्याशिवाय ते चांगलं आहे असं मी कुणाला सांगितलेलं नाही. हा निवारा मी अजून जवळून पाहिला नाही. तो पलीकडे आहे. साहेब, आपण दोघं चालत जाऊ. फीत तुम्ही हाताने कापा. मी तिथे उभी राहून आभार मानीन.”

मांडवात कोणी टाळी वाजवली नाही. मग मागून एक बाई म्हणाली, “बराबर हाय की.” आमदार हसले. समोर बरेच फोन वर झाले होते. “ताईंचं बरोबर आहे, चला,” म्हणून ते उठले.

रस्त्याच्या कडेला गेल्यावर फौजदारांनी गाड्या अडवायला शिट्टी तोंडाला लावली. मुमताजबी पुढे झाल्या. “शिट्टी नको, सायेब. रोज आमच्यासाठी कोन वाजवतंय?”

फौजदारांनी आमदारांकडे पाहिलं. आमदारांनी फोनांकडे पाहिलं आणि राहू द्या अशी खूण केली. मग आम्ही सगळे उभे राहिलो. गावातली माणसं रोज उभी राहतात तशी, एक पाय पुढे टाकून. एक मोकळी जागा दिसली, तेवढ्यात ती दुचाकीने खाल्ली. दुसरी आली तेव्हा मुमताजबींनी आमदारांचं मनगट धरलं. मागून एका म्हाताऱ्याने चेष्टा केली, “मुमताजबी, भरा बांगड्या सायबाला.”

मागे न बघता त्या म्हणाल्या, “माझ्या बांगड्या काय शिक्षा हाय व्हय? ज्या हा रस्ता वलांडत्यात त्या बायका घालत्यात.”

आणि त्यांनी आमदारांना ओढत डिव्हायडरपर्यंत नेलं. मागोमाग शैला, मी, फौजदार आणि दोन-तीन बायका पोचलो.

डिव्हायडरवर कण्हेर लावली आहे. अरुंद जागा, कमरेच्या वर गेलेली झाडं. पलीकडच्या बाजूला उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती आणि तिला वळसा घालून ट्रक सुसाट येत होते. प्रत्येक ट्रकबरोबर वारा अंगावर आदळे. आमदारांच्या फेट्याचा शेमला उडून माझ्या तोंडावर येत होता. पुढे जाता येईना, मागेही येता येईना. इथे माइक नव्हता, निवेदक नव्हता.

आमदारांनी विचारलं, “मुलं इथे थांबतात?”

“हितंच,” शैला म्हणाली. “ह्याच कण्हेरीत. ड्रायवरला दिसत न्हाईत.”

थोड्या वेळाने ते आवाज खाली आणून म्हणाले, “वहिनी, खरं सांगतो. हा रस्ता माझ्या हातात नाही. वरचं काम आहे ते.”

“मग हे तिकडं माइकवर का न्हाई सांगितलं?” शैलाचा आवाज चढला नव्हता. ट्रक गेला की ती पुढचं वाक्य बोलत होती. “माझ्या हातात न्हाई म्हणायचं की. आमी वरच्याकडं गेलो असतो. तुमी शेड दिली आन् त्याच्यावर ह्यांचं नाव घातलं, म्हंजी आमी गप बसावं.”

“मी पाठपुरावा करतोय.”

“ते बी करत हुते,” शैला म्हणाली. “हितं उभं राहून.”

आमदारांचा चेहरा मी जवळून पाहत होते. त्यांना राग आला नव्हता. त्यांना भीती वाटत होती. टँकर जवळ आला की ते डोळे मिटत होते. माझे डोळेही मिटत होते. पलीकडून कात्रीवाला हातवारे करून विचारत होता, कापू का? मुमताजबी त्याला हातानेच नको म्हणाल्या.

मोकळी जागा मिळाली ती गावाच्या बाजूला. फौजदारांनी आमदारांचा दंड धरला आणि ते मागे फिरले. आम्हीही त्यांच्याबरोबर परतलो. गाडीचं दार उघडंच होतं. बसताना ते म्हणाले, “फीत कापायला पुन्हा येतो.”

“या की,” शैला म्हणाली. “रस्त्याखालनं चालत या. तवर फीत राहू द्या.”

गाडी टेंभुर्णीच्या दिशेने गेली. टेबलावरची कळ कुणीच दाबली नाही. हलगीवाल्याने थोडा वेळ वाट पाहिली आणि हलगी खांद्याला लावली.

परतीची गाडी पलीकडून होती, तेव्हा दुसऱ्या दिवशी मलाही रस्ता ओलांडायचा होता. शाळेची वेळ होती. शैलाने पदर खोचला आणि कोरा लाल टॉवेल उलगडला. मुमताजबींनी सोलापुरात निवडून घेतला होता तोच. अविनाशचा टॉवेल त्याच्याबरोबर गेला. ती रस्त्यात उतरली आणि दोन्ही हातांनी टॉवेल डोक्यावर धरला. पहिला ट्रक थांबला नाही. दुसरा थांबला. मुलांबरोबर मीही धावले. साठी उलटल्यावर असं कधी धावले नव्हते. एका मुलीने माझी पिशवी धरली होती.

निवारा मी शेवटी जवळून पाहिला. बांधकाम चांगलं आहे, हे सांगायला हवं. बाक गुळगुळीत आहेत, पत्रा जाड आहे. पाटीवर कापड होतं. ते उचलून नाव बघावं असं मनात आलं. मी उचललं नाही. सोलापूरची गाडी आली तेव्हा शैलाने तिच्यापुढेही टॉवेल धरला आणि ती थांबली.

घाट उतरताना झाडं जवळ आली, आभाळ लहान झालं. लहानपणी आम्हा भावंडांना शिकवलं होतं की कोणी काही दिलं तर आधी आभार मानायचे आणि मग हातातली वस्तू पाहायची. मी ते इतकी वर्षं पाळलं. अविनाशने ते कधी सोडलं हे मला कळलं नव्हतं. कण्हेरीच्या त्या ओळीत उभी असताना कळलं: तो इथे उभा राहायला लागला तेव्हा. आता वाटतं, जे मागितलं ते मिळेपर्यंत आभार आपल्याजवळ ठेवणं हाही मागण्याचाच भाग आहे. त्यासाठी मोठा आवाज लागत नाही, हे मला उशिरा समजलं.

शैलाचा दर रविवारी फोन येतो. टॉवेलसाठी आता बायकांच्या पाळ्या लावल्या आहेत. आमदारांनी वरच्या कार्यालयाला पत्र दिलं आणि त्याची नक्कल गावात पाठवली. शैलाने ती वाचून घेतली आणि रस्त्याखालची वाट कधी, असं परत विचारलं. भुयारी मार्ग झालेला नाही. निवाऱ्याची फीत तशीच आहे आणि पाटीवर कापड आहे.